पिलांचे डोळे उघडेपर्यंत

वडीगोद्री,
८ जानेवारी २०२५

चि. शीतल,

आशीर्वाद आहेतच, ते कुठं जात नाहीत. आधी भांडण ऐक. आणि हे वाचून लगेच फोन फिरवू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला मधेच तोडतेस. कागदावर कोण तोडणार? काय म्हणायचं ते लिहून हरिओमच्या दुधाच्या गाडीनं पाठव. तो रोज सकाळी जालन्याला येतोच.

परवा, सोमवारी, तुमच्या नोंदणी कक्षाची जीप दारात उभी राहिली. दोन साहेब आणि एक फोटो काढणारा. कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमाखाली तपासणी आहे म्हणाले. मी म्हटलं तपासा बाबा, माझ्याकडं लपवायला काय आहे? अंगणात सात बाळंतिणी होत्या. या साली सगळ्यांनी एकदमच गाठलं. मंठ्याची पाखरी तर आदल्याच दिवशी व्याली होती. चार पिलं, मुठीत मावतील एवढी, डोळे मिटलेले.

साहेबानं विचारलं, "ह्या कुत्र्या कुणाच्या?"

तू या घरात वाढलीस, तुला काय सांगायचं? आपली कारवानी कुत्री पिलू म्हणून दुसऱ्या घरी जाते ती लेक दिल्यासारखी. आपण विकत नाही. ते लोक नारळ आणि पावशेर गूळ ठेवतात, आणि दर बाळंतपणाला तिला इथं माहेरी आणून सोडतात. मग पिलांचे डोळे उघडेपर्यंत तिच्यापुढं तिच्या धन्याचं नाव घ्यायचं नाही. अमक्याची कुत्री, तमक्याची कुत्री म्हणायचंच नाही. माझ्या सासूनं जे सांगितलं असतं तेच मी सांगितलं.

"माझ्याच हायेत साहेब. समद्या माझ्याच."

त्यानं लिहून घेतलं. मी खाली पूर्ण नावानिशी सही केली. आता ही नोटीस आली आहे, सोळा तारखेला जालन्याला सुनावणी. त्यात मला 'विनानोंदणी पैदासकार' म्हटलंय. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावातल्या कुणालाही विचार, पुष्पाबाईनं कधी पिलाचा एक पैसा घेतलाय का!

हे काम रामप्रसादचं. हायवेवर दुकानामागं विलायती कुत्री विकतो ना, त्याच्या पोटात दुखत असणार. त्याला मी बघून घेते. तू त्याच ऑफिसात बसतेस, साहेबांना तुझं तोंड माहीत आहे. त्यांना समजावून सांग की हा धंदा नाही, हे माहेरपण आहे.

तुझी,
पुष्पामावशी

———

मस्तगड, जालना,
१० जानेवारी

ती. मावशीस नमस्कार.

तुला तोडायचं नाही म्हणून पत्र दोनदा वाचलं, मग लिहायला बसले.

मावशी, तू काय करून बसलीस! "समद्या माझ्याच" या दोन शब्दांनी तू सात व्यालेल्या कुत्र्यांची, छत्तीस पिलांची मालकीण झालीस. आमच्या कागदात त्याला मोठं विनापरवाना पैदास केंद्र म्हणतात. पंचनाम्याची प्रत मीच टाईप केली. तुझं नावसुद्धा.

आता दोनच वाटा आहेत. एक, तू पैदासकार म्हणून नोंदणी करायची. मग सिमेंटचे वेगळे कप्पे, प्रत्येक कुत्रीच्या मानेत चिप, तुझ्या नावावर मालकी, विक्रीची वही. दुसरी, प्रत्येकीच्या खऱ्या धन्यानं येऊन सांगायचं की ही माझी आहे. एकेकाकडं एकेक कुत्री असली तर पैदास केंद्राचा प्रश्नच उरत नाही. नाही तर जप्ती. जप्त झालेल्या माद्यांची नसबंदी करतात, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

तू साहेबांना शिव्या देशील, पण नियम वाईट नाही गं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका घराच्या गच्चीवर गेलो होतो. पत्र्याखाली पिंजऱ्यात एक मादी होती, तिला पायावर नीट उभंही राहता येत नव्हतं. चार वर्षांत आठ वेळा व्यालेली. मी घरी येऊन जेवले नाही. असल्यांसाठी हा नियम आहे.

सातही धन्यांची नावं एका कागदावर लिहून पाठव. आणि मी तुझी भाची आहे हे ऑफिसात कुणाला माहीत नाही, तेही तसंच राहू दे. मार्चमध्ये माझा करार नवा व्हायचा आहे. आतून होईल ते सगळं करते.

नाव कुणी दिलं ते शोधत बसू नकोस. त्यानं काही हाती लागायचं नाही.

तुझी,
शीतल

———

वडीगोद्री,
१२ जानेवारी

चि. शीतल,

नियम पिंजऱ्यातल्या कुत्रीसाठी आहे, तर माझ्या अंगणात कशाला आला? माझ्या अंगणात पिंजरा तर सोड, साखळी आहे का? साप दिसला म्हणून दोरीला काठी मारायची ही कुठली रीत?

नोंदणीचा फॉर्म हरिओमच्या पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवला. 'वर्षभरातील विक्री' असा रकाना आहे. 'खरेदीदाराचे नाव' असा रकाना आहे. माहेरी आलेल्या लेकीचा रकाना कुठं आहे? मी त्या कागदावर सही केली तर सात घरांच्या कुत्र्या माझ्या नावावर. मग कोण कशाला आणून सोडेल? ज्याच्या दारात व्याली त्याच्याच दारात दोन-दोन कप्पे बांधायला लागतील, ते कुणी बांधणार नाही, आणि दहा वर्षांत ही जात संपेल. मोसंबीच्या बागेत रानडुक्कर शिरल्यावर मग काय करतील, त्याला नोटीस पाठवतील?

काल पिठाच्या गिरणीपुढं आम्ही सगळे जमलो होतो. आसपासच्या पाच गावांतले कुत्री पाळणारे आले होते. चाळीस जणांनी अर्जावर सह्या-अंगठे केले, की आमच्यासारख्या घरगुती लोकांना हा नियम लावू नये. मी उभी राहून बोलले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत बोलले, आणि चांगली बोलले असं म्हणतात. येताना रामप्रसादच्या दुकानापुढं थांबले आणि त्याचा सगळ्यांदेखत उद्धार केला. म्हटलं, "दुसऱ्याच्या लेकींवर जीप धाडून राह्यला का रे? तुझं वाटोळं होईल." तो नुसता बघत उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आता नावांचं. तू मागतेस, पण मी देऊ शकत नाही. पाखरीच्या पिलांचे डोळे अठरा-एकोणीस तारखेला उघडतील. तोवर नाही. तू हसशील. माझ्या सासूच्या वेळी अंबडकडची एक कुत्री इथं व्याली होती. पाचवे दिवशी एक पाहुणा आला आणि ओट्यावर बसून तिच्या धन्याचं नाव घेऊन बोलत राहिला. कुत्रीनं कान टवकारले, उठली आणि निघाली ती थेट धन्याच्या घरी. पाच पिलं इथं उपाशी मेली. सासूनं ती शेताच्या बांधावर पुरली आणि त्या दिवसापासून हा नियम केला. सरकारचा नियम जीपमधून आला, आमचा पाच पिलांच्या जिवावर आलाय.

फक्त चार दिवस मागते मी. तुझ्या साहेबाला म्हणावं, सुनावणी वीस तारखेला घे. मग सगळी नावं देते, धन्यांना घेऊन येते. एवढं कर शीतल. मला रातीला झोप न्हाई.

मावशी

———

मस्तगड,
१३ जानेवारी

ती. मावशी,

मागितली तारीख. "त्या बाईचं काही धार्मिक कारण असेल, चार दिवस पुढं घेऊ या का," असं मोघम विचारलं. साहेब हसले. म्हणाले, "कुत्र्याचे डोळे उघडायची वाट सरकारनं बघायची का?" मी पण हसले. हसावं लागलं.

ऐक, तोंडानं नाव घेऊ नकोस. लिही. कागदावर लिही, घडी घाल, हरिओमला दे. कुत्री वाचत नाही, मावशी. तुझ्या सासूच्या नियमात लिहायची बंदी कुठंय? हा माझ्यासारख्या टायपिस्टचा सल्ला आहे. आम्ही दिवसभर हेच करतो, बोलायचं नाही ते लिहितो.

धन्यांना सोळाला सकाळी अकराला थेट ऑफिसात यायला सांग, प्रत्येकानं आधार कार्ड आणायचं. सात जण उभे राहिले तर पंचनामा फुसका ठरतो.

आणि रामप्रसादच्या दारात परत जाऊ नकोस. त्यानं नाही केलेलं हे. तो बिचारा स्वतःच नोंदणीच्या रांगेत दोनदा येऊन गेला.

शीतल

———

वडीगोद्री,
१५ जानेवारी

चि. शीतल,

काल संक्रांत झाली. सोबतच्या डबीत तिळगूळ आहे, खा. गोड बोल असं मी तुला सांगत नाही, तू खरं बोल.

तुझं ऐकलं. न्हाणीत जाऊन, दार लावून सात नावं लिहिली. पाखरीकडं पाठ करूनसुद्धा मला पटकन लिहवत नव्हतं. ती दाराच्या फटीतून बघत होती, की काय लपवते ही बाई.

पण कागद पाठवत नाही, कारण त्यातलं एकच नाव खरं उरलंय. बाकीच्या सहा घरी मी स्वतः जाऊन आले. गिरणीपुढं छाती काढून अंगठा देणारे हेच लोक! कुणी म्हणालं, "बाई, साहेब माझ्या बी दारात आला तर?" कुणी म्हणालं, कुत्री तुमच्या नावावर लागली तर लागू द्या, आम्हाला ह्यातून मोकळं करा. एकीनं तर चहा दिला आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आमच्याकडं कुत्री व्हती कधी?" राग कुणावर करू? नोटिशीचा कागद बघून मीही घाबरलेच होते.

फक्त मंठ्याचे भाई येणार आहेत. शेळ्यांचा व्यापार एक दिवस बंद ठेवून येतो म्हणाले. "बहन, पाखरी माझी हाय तर हाय. त्यात डरायचं काय?" त्यांचं नाव तुला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. डोळे अजून उघडले नाहीत.

एक विचारते. रामप्रसादनं नाही केलं हे तुला इतकं बराबर कसं माहीत? मग कुणी केलं?

उद्या अकराला येते. लहानपणी तुला शाळेत सोडायला नेसायचे ती हिरवी साडी नेसून येणार आहे. तू नुसती समोर दिसलीस तरी मला धीर येईल.

मावशी

———

मस्तगड,
१७ जानेवारी

ती. मावशी,

हिरवी साडी मी बघितली. दारातून आत आलीस तेव्हाच बघितली. तू माझ्याकडं बघून थांबलीस, आणि मी मान खाली घालून कीबोर्डवर बोटं चालवत राहिले. काहीच टाईप करत नव्हते. तू समजून घेतलंस आणि अनोळखी बाईसारखी समोरच्या बाकावर बसलीस. 

जे झालं ते तू ऐकलंसच, तरी लिहिते. नंतरचं तुला माहीत नाही. गयासोद्दीनभाई उभे राहून म्हणाले, "साहेब, पाखरी माझी हाय. हे आधार, हा माझा मंठ्याचा पत्ता. बाई बी झूट बोलून नाही राहिल्या आन् मी बी नाही." साहेबांनी पंचनाम्यावरची तुझी सही पुढं केली. एकाच कुत्रीचे दोन मालक, म्हणजे दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि बाकीच्या सहांचं तर कुणीच नाही. तू माहेरपणाचं सांगायला लागलीस. मला ते टाईप करायचं होतं गं, शब्दन् शब्द. साहेब म्हणाले, "हे असंबद्ध आहे, घेऊ नका." मी घेतलं नाही.

तुम्ही गेल्यावर आदेश निघाला. सोमवारी, वीस तारखेला, सकाळी गाडी येणार. सातही माद्या जप्त. म्हणून हे पत्र. तुझ्या हातात उद्याचा शनिवार आणि रविवार आहे. मावशी, सगळ्यांना सासरी पाठव. पिलांसकट टोपल्यांत घाल, हरिओमची गाडी दिवसभरासाठी घे, कुणी दार उघडलं नाही तर दारात सोडून ये. कुत्री घरात गेल्यावर कुणी हाकलणार नाही. पाखरीला आणि पिलांना पण. डोळे उघडायची वाट बघू नकोस. हे तुला कळवलं असं कुणाला समजलं तर माझी नोकरी जाईल, जाऊ दे.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. नाव मी दिलं.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात पत्रक आलं होतं, देशी जात सांभाळणाऱ्यांची नावं कळवा, सत्कार करायचाय. बाकीच्यांनी कोरा कागद दिला. मी तुझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, "पिढ्यान् पिढ्या कारवानी कुत्र्यांचे संगोपन" असं लिहिलं. तुला शाल-श्रीफळ मिळेल, पेपरात फोटो येईल, असं मनात होतं. सत्कार झालाच नाही. तो कागद फाईलमध्ये राहिला, आणि तपासणीचा हुकूम आला तेव्हा साहेबांनी तीच यादी बाहेर काढली. सबंध तालुक्याच्या यादीत एकच नाव होतं.

पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. भ्याले. आता मला हवी ती शिक्षा दे, पण आधी कुत्र्या हलव.

शीतल

———

वडीगोद्री,
२१ जानेवारी

शीतल,

तुझं पत्र हरिओमनं शनिवारी सकाळी आठ वाजता माझ्या हातात दिलं होतं.

मी ते उघडलं नाही.

गुरुवारी तू माझ्याकडं बघून मान खाली घातलीस, ते मी समजून घेतलं असं तू लिहितेस. मी काही समजून घेतलं नव्हतं. एसटीत बसून वडीगोद्रीपर्यंत रडत आले. भाईंनी दोनदा पाण्याची बाटली पुढं केली. म्हणून तुझं पाकीट दिसल्यावर मला वाटलं, आली आता माफी मागत. ठेवलं ते डाळीच्या डब्यावर. म्हटलं, पडू दे चार दिवस, हिलाही कळू दे.

काल सकाळी गाडी आली. जाळ्या घेऊन सहा माणसं. बाळंतीण कुत्री जाळ्याला घाबरत नाही, ती पिलांकडं धावते, म्हणून त्यांना पकडायला काहीच कष्ट पडले नाहीत. मी गाडीपुढं आडवी झाले. दोन बायका पोलीस होत्या, त्यांनी मला बगलेत धरून उचलून ओट्यावर ठेवलं, अगदी हळू. एक म्हणाली, "मावशी, लागलं तर न्हाई ना?" गाव बघत होतं. गिरणीपुढचे चाळीस जण होते, कुणी पुढं आलं नाही.

भाईंना कुणीतरी फोन केला असणार. ते टेम्पो घेऊन आले, तोवर सहा जणी पिलांसकट गाडीत चढल्या होत्या. भाई लांबूनच ओरडायला लागले, "पाखरी माझी हाय, गयासोद्दीनची हाय, सोडा तिला!" पाखरीनं तो आवाज ऐकला. गळ्यातला फास तोडून ती जाळीखालून निसटली, पिलांकडं बघितलंसुद्धा नाही, उडी मारून टेम्पोत जाऊन बसली. भाईंनी गाडी वळवली आणि नेली. मला क्षणभर आनंद झाला. मग सासूचं सांगणं आठवलं.

साहेबांच्या माणसांना मंठ्याला जायला काय लागतं? पत्ता सुनावणीत लिहून घेतलाच होता. संध्याकाळी तिलाही घेऊन गेले.

तिची चार पिलं कडब्याच्या गंजीमागं होती, तिनं स्वतःच नेऊन ठेवलेली. त्यांना ती सापडली नाहीत. गाडी गेल्यावर ती ओरडायला लागली. त्यातल्या एकाचा एक डोळा कालच किलकिला झाला होता.

मग मी तुझं पत्र उघडलं. तेव्हा साडेसहा वाजले होते.

नाव तू दिलंस. वेळेवर सांगितलंस पण. आणि मी डाळीच्या डब्यावर ठेवलं. कुणाचं पाप जास्त ते तूच टाईप करून बघ.

त्यांच्या नसबंदीच्या आधी एकीला तरी सोडव. पाखरीला सोडव. पिलं शेळीचं दूध घेत नाहीत. तुझ्या पाया पडते, मोठी असून पडते.

पुष्पाबाई

———

मस्तगड,
२८ जानेवारी

ती. मावशी,

तू खाली 'मावशी' लिहिलं नाहीस, ते बघितलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की ती माझी मावशी आहे, मला तिनंच वाढवलं. माहेरपणाचं सगळं सांगितलं, पाखरीच्या पिलांचं सोडून.  वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "हे तुम्ही सोळा तारखेला का नाही बोललात?"  मग जप्त कुत्र्या ठेवतात त्या निवाऱ्यात त्यांनी फोन लावला. पण तिथं सव्वीस जानेवारीच्या सुट्टीआधी काम उरकून घेतलं होतं. एकवीसलाच सातही जणींची शस्त्रक्रिया झाली. पाखरीची सगळ्यात शेवटी.

रविवारी मी निवाऱ्यात जाऊन आले. पाखरीनं मला ओळखलं. तिच्या अंगाला अजून दूध होतं.

पंधरा दिवसांनी त्यांना परत देतील, 'यापुढं पैदास करणार नाही' असं तुझ्याकडून लिहून घेऊन. माझ्या कराराचं मार्चमध्ये बघू म्हणाले, आवाजावरून काय ते समजले.

पिलांचं काय झालं? एक ओळ लिही. शिव्या दे, पण लिही.

शीतल

———

मस्तगड,
८ फेब्रुवारी

मावशी,

हरिओमला रोज विचारते. तो मान हलवतो आणि दुधाचे कॅन उतरवायला लागतो. तो काहीतरी जाणतो आणि सांगत नाही.

काल मोबाईलवर तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. तू उचलणार नाहीस म्हणून नाही. उचललास तर मी मधेच तोडेन, म्हणून.

शीतल

———

वडीगोद्री,
१६ फेब्रुवारी

चि. शीतल,

बोळ्यानं थेंबथेंब शेळीचं दूध पाजून तगवायला बघितलं, तरी तिघं गेली. पहिलं तेवीसला, दुसरं पंचवीसला, तिसरं एक तारखेला. सासूनं पाच पुरली त्याच बांधावर पुरली. लिहायला हात उचलत नव्हता, म्हणून लिहिलं नाही. तुझ्यावरच्या रागानं नाही. राग होता, पण तेवढा कुणालाच पुरत नाही.

चौथी वाचली. ती कुणामुळं वाचली ते ऐकशील तर तोंडात बोट घालशील. रामप्रसादमुळं. तिसरं गेलं त्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले आणि म्हटलं, बाबा, मी तुला नाही नाही ते बोलले, ते खोटं होतं. तो म्हणाला, "मावशी, ते ऱ्हाऊ द्या, पिलाला काय पाजून राह्यल्या?" आणि त्यानं आतून विलायती पिलांची बाटली आणि दुधाची पावडर आणून दिली. दर दोन तासांनी कसं पाजायचं, पोट कसं चोळायचं, बसून शिकवलं. मी आयुष्यभर बाळंतपणं केली, पण आई नसलेलं पिलू वाढवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माहेर होतं ना इथं.

सात जणी परवा आल्या. माझ्याकडून लिहून घेतलं, सही घेतली. भाई पाखरीला न्यायला आले तेव्हा तिला चौथी दाखवली. तिनं हुंगलं आणि बाजूला झाली. भाई तोंड फिरवून उभे राहिले.

गिरणीवर रोज कुणीतरी विचारतं, बाई, साहेबाला तुमचं नाव कुणी दिलं? तेव्हा मी रामप्रसाद म्हणून नाचले होते, आता तेही नाही. मी म्हणते, मला ठाऊक न्हाई. पिलांचे डोळे कधीच उघडले, तरी मी ते नाव घेतलेलं नाही. घेणार पण नाही. ज्या लेकीचं माहेर इथं आहे तिचं नाव मी या घरात कुणाला देणार नाही.

आता ही चौथी. महिनाअखेरीला साहेब पुन्हा तपासणीला येणार आहेत. माझ्या अंगणात ती दिसली तर तिलाही नेतील, तेच करतील, आणि पाखरीचं वाण संपेल. म्हणून तिला तुझ्याकडं देते. हरिओमच्या गाडीत टोपलीत आहे, खाली माझ्या हिरव्या साडीचा तुकडा घातलाय. नारळ आणि पावशेर गूळ तू त्याच टोपलीत परत पाठव, रीत आहे. तिच्याजवळ कागद नाही, चिप नाही, काही नाही. तुझ्या घरात, त्या ऑफिसच्या माणसाच्या घरात, मी बिनकागदाची कुत्री देते, याचा अर्थ तुला कळेल.

व्यायला झाली की तिला इथं आणून सोड. मी असेन किंवा नसेन, अंगण असेल.

तुझी,
मावशी

———

मस्तगड,
२ मार्च

ती. मावशी,

नारळ आणि गूळ पोचला असेल. नाव ठेवलेलं नाही, ते तू ठेव.

ती पहिले तीन दिवस साडीच्या तुकड्यावरून हलली नाही. आता सगळ्या घरभर फिरते आणि जिन्यात कुणी चढलं की भुंकते. त्यातच घोटाळा झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, आणि काल दुपारी आमच्याच ऑफिसचे दोघं दारात उभे. एक साहेब तेच, सुनावणीचे. मला बघून ते चपापले. ती माझ्या पायांमागून डोकं काढून त्यांच्याकडं बघत होती, पाखरी बघते तशीच.

साहेबांना ओळख पटली असणार. तपासणीच्या वेळी पाखरीला त्यांनी स्वतः बघितलं होतं. पण त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ही कुणाची?"

माझा करार पंधरा तारखेला संपतोय. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, तुझं अंगण, ते बाकडं, माझी खाली घातलेली मान.

मी म्हटलं, "माझीच आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि वही सहीसाठी माझ्यापुढं केली. मी पूर्ण नावानिशी सही केली.

तुझी,
शीतल